नवी हार्ड डिस्क बसवली, तरी कॉपी अडकते: लॅपटॉप रिपेअरिंग शिकणाऱ्यांसाठी

डिस्क बदलायला या धंद्यात कुणीही पटकन शिकतं. मागचं कव्हर उघडा, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, जुनी डिस्क काढा, नवी बसवा, विंडोज टाका. खरी परीक्षा आठवडाभराने होते. गिऱ्हाईक परत येतं आणि सांगतं की मोठी फाइल कॉपी करताना मधेच एरर येतो, लॅपटॉप अडकून बसतो. अशा वेळी बहुतेक दुकानांत ठरलेलं उत्तर मिळतं: "डिस्कचा पीस खराब निघाला, रिप्लेस करून देतो." दुसरी डिस्क बसते आणि तोच एरर पुन्हा येतो.

डिस्कवर लिहायचा डेटा रॅममधून निघतो, मदरबोर्डवरच्या कंट्रोलरमधून, रिबन केबलमधून, कनेक्टरमधून डिस्कच्या बोर्डावर पोचतो आणि मग प्लॅटरवर, म्हणजे डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीवर, उतरतो. यातलं काहीही बिघडलं तरी स्क्रीनवर गिऱ्हाइकाला दिसणारा मेसेज साधारण सारखाच असतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आकडे लिहून घ्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. त्यात रॉ व्हॅल्यू, म्हणजे डिस्कने मोजलेले मूळ आकडे, आधी हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) दिसतात आणि नवी मुलं तिथेच फसतात. फंक्शन मेनूतल्या अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन त्या दशमान करून घ्या. मग या चार क्रमांकांच्या ओळींतले आकडे कागदावर उतरवा: ०५, सी५, सी६ आणि सी७. दशमानात हेच क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. पहिले तिन्ही डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. ५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी थांबलेले, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न सुधारलेले. १९९ मात्र वेगळ्या जातीचा आहे. डेटा केबलमधून जाताना वाटेत बिघडला आणि पडताळणीत जुळला नाही, की हा वाढतो. हा आकडा कधी शून्यावर परत येत नाही. त्यामुळे तो किती आहे यापेक्षा तुमच्यासमोर वाढतोय का, हे बघायचं. आकडे लिहिले की पाच-दहा जीबीची फाइल कॉपी करा आणि पुन्हा बघा. त्याच खिडकीत पॉवर-ऑन अवर्सही दिसतात. 'नवी' म्हणून आलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले, तर पुढचं बोलणं थेट सप्लायरशी.

माझ्याकडे एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप आला होता. दुसऱ्या ठिकाणी त्याला दोनदा डिस्क बदलून मिळाली होती आणि प्रोजेक्टच्या फाइल तरीही सेव्ह होत नव्हत्या. ५, १९७, १९८ तिन्ही शून्य. १९९ मात्र प्रत्येक मोठ्या कॉपीनंतर थोडा थोडा चढत होता. विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ नंबरच्या नोंदींची रांग होती. १२९ म्हणजे डिस्क वेळेत उत्तर देईना म्हणून तिला रीसेट केलं, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करून पाहावं लागलं. खराब ब्लॉकची ७ नंबरची नोंद एकही नाही. तीच डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, पूर्ण भरून लिहिली, काहीही झालं नाही. मग रिबन काढून दिव्याखाली भिंगातून पाहिली. फ्रेमच्या कोपऱ्यावरून ती जिथे वळत होती, तिथे काळं आवरण घासून गेलं होतं आणि आतल्या दोन रेघा उघड्या पडल्या होत्या. नवी रिबन टाकली, डिस्क तीच ठेवली. १९९ होता तिथेच थांबला.

रिबन मागवताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या रिबन येतात. रिबनवरच छापलेला पार्ट नंबर सांगा. कुठलीही रिबन काढताना कनेक्टरचं लॉक आधी उघडा. लॉक न उघडता टेप धरून ओढली की तीच रिबन पुढच्या महिन्यात घात करते.

डिस्कची जाडीही बघा. जुन्या लॅपटॉपमधला कप्पा ९.५ मिलिमीटरचा असतो, आजच्या बहुतेक डिस्क ७ मिलिमीटरच्या. स्पेसर (उरलेली फट भरणारी पट्टी) न लावता बसवली तर डिस्कचं वजन कनेक्टरवर लोंबकळतं आणि बॅग उचलली की संपर्क हलतो. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) टाकून बसवलेल्या डिस्कवर तर माझा पहिला संशय कॅडीवरच असतो. डिस्क मूळ जागेवर लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिस्क बाहेर काढून यूएसबी कन्व्हर्टरवर तपासताना एक काळजी घ्या. यूएसबी २ च्या पोर्टातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहून जास्त लागू शकतात. वीज कमी पडली तर चांगली डिस्कही एरर देईल आणि तुमचा निष्कर्ष उलटा निघेल. दोन प्लगची केबल किंवा वेगळा अॅडॉप्टर असलेला कन्व्हर्टर जवळ ठेवा.

आता समजा १९७ वाढतोय आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ७ नंबर येतोय. मग दोष डिस्कचाच. अशा डिस्कवर शून्यं लिहिली की १९७ खाली येऊ शकतो, आणि काही जण "डिस्क रिपेअर झाली" म्हणून ती परत देतात. मी देत नाही. पहिल्याच आठवड्यात पृष्ठभाग खराब दाखवणारी डिस्क वॉरंटीत परत जायला हवी. विंडोजच्या चेकडिस्क या तपासणीवरही भिस्त ठेवू नका. तो फाइल सिस्टीम जुळवतो आणि खराब जागा टाळायची खूण करतो, डिस्क बरी करत नाही. डिस्कवर गिऱ्हाइकाचा डेटा असेल तर आधी तो काढा. मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास चेकडिस्क चालवल्याने वाचू शकणाऱ्या फाइलही जातात.

चारही आकडे स्थिर, एररही नाही, पण कॉपी केलेली झिप फाइल उघडत नाही, अशीही केस येते. तिथे मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून बघा. खराब रॅम चुकीचा डेटा डिस्ककडे पाठवते आणि डिस्क तो इमानेइतबारे लिहून ठेवते. आणि लिनक्सवाला "डिस्कवर लिहिताच येत नाही" म्हणाला तर हार्डवेअरला हात लावण्याआधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला उघडतं.

दुरुस्ती झाल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम चालवा. तो मोकळी जागा पूर्ण भरतो, परत वाचून पडताळतो, आणि खोट्या क्षमतेचा माल असेल तर तोही उघडा पाडतो. फिरत्या १ टीबी डिस्कला लिहायला तीनेक तास आणि वाचायला जवळपास तेवढेच लागतात, म्हणून मी रात्री लावून जातो. सकाळी निकाल, चारही आकडे आणि डिस्कचा सिरियल नंबर जॉब कार्डवर लिहितो आणि एक प्रत गिऱ्हाइकाला देतो. त्याची जुनी डिस्क या टेस्टआधी फॉरमॅट करायची नाही, त्याने स्वतः सांगितलं तरी नाही.