बोटीचं टॉयलेट: बाऊलमध्ये घाण पाणी परत चढतं, त्यावर उपाय

लक्षण: हातपंपाने फ्लश केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बाऊलमध्ये पिवळट, वासाचं पाणी परत. इनलेटचा सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपाची बोटीच्या तळाजवळची तोटी) बंद ठेवूनही चढत होतं, म्हणजे ते आउटलेटच्या पाइपातलंच. जास्त पंप मारला, रात्रभर व्हिनेगर ठेवलं, फरक शून्य. अटलांटिकच्या मधोमध, डोलत्या बोटीत हा वास म्हणजे शिक्षाच.

दोष जोकर व्हॉल्व्हचा, म्हणजे पाणी फक्त बाहेरच्या दिशेने जाऊ देणाऱ्या रबरी झडपेचा. लघवी आणि खारं पाणी मिळून त्याच्या रबरी ओठांवर चुन्यासारखा कडक थर बसतो, फट मिटत नाही.

आधी दोन्ही सीकॉक बंद. हातमोजे घाला, खाली जुना टॉवेल आणि टोपलं ठेवा. पाइपातलं पाणी येणारच. पंपाच्या मागच्या एल्बोचे (वाकड्या जोडाचे) स्क्रू काढा, जुना व्हॉल्व्ह ओढून घ्या. एल्बोच्या आतला थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. हे टाळलं तर नवा व्हॉल्व्हही नीट बसत नाही. नवा व्हॉल्व्ह बसवताना निमुळतं टोक पाइपाकडे, पंपाकडे नाही! स्क्रू आलटूनपालटून, बेताने आवळा. जोर लावला की प्लास्टिक तडकतं. मग आउटलेट उघडा, नंतर इनलेट.

३८ मिमी पाइपात मीटरमागे सुमारे १.१ लिटर मावतं. तेवढं सगळं बाहेर जाईपर्यंत पंप मारत राहिलं की थर उशिरा धरतो.