थिन फिल्मकडून डिटेक्टरकडे: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करत असताना कणभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्र हे विषय आपल्यासाठी नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्याकडे भौतिकशास्त्र म्हणजे मुख्यतः मटेरियल सायन्स: काचेवर ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा, त्याचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारा आलेख) काढायचा, रोध मोजायचा. या कामाचा हिग्ज बोसॉन या मूलकणाशी किंवा विश्वाच्या आरंभाशी काय संबंध, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारी उपकरणे, उभारण्याच्या कामात काही वर्षे घालवल्यानंतर आज मला वाटते की थिन फिल्म शिकलेल्या विद्यार्थ्यासाठी या क्षेत्राचे दार अर्धे उघडलेलेच असते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस या प्रचंड डिटेक्टरचे उदाहरण घ्या. त्याच्या ट्रॅकरमध्ये, म्हणजे कणांच्या वाटांचा माग काढणाऱ्या भागात, सुमारे २०० चौरस मीटर सिलिकॉन आहे. तेथील लार्ज हेड्रॉन कोलायडर या प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राची क्षमता वाढवल्यानंतर प्रोटॉनांचे दोन पुंजके एकमेकांतून जाताना एका वेळी २०० पर्यंत टकरी होतील, आणि त्यांतली कणाच्या वाटेची कोणती रेघ कोणत्या टकरीतून निघाली हे केवळ जागेवरून ठरवणे अवघड होईल. म्हणून आता कण कोठून गेला याबरोबर तो नेमका केव्हा गेला हेही मोजायचे आहे, तेही तीस-चाळीस पिकोसेकंदांच्या (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) अचूकतेने. यासाठी एलजीएडी (लो गेन ॲव्हलांच डिटेक्टर) नावाचे सेन्सर विकसित झाले. जेमतेम ५० मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमध्ये वेगळ्या डोपिंगचा (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचा) एक थर असा घातलेला असतो की तेथील तीव्र विद्युतक्षेत्रात इलेक्ट्रॉनांची संख्या दहा-वीस पटींनी वाढते आणि संकेत झटकन उमटतो. किरणोत्साराच्या माऱ्याने हाच थर हळूहळू निष्प्रभ होतो. तो टिकवण्यासाठी काय करावे, हा प्रश्न मटेरियल सायन्सचाच आहे.

विश्वरचनाशास्त्रातही हेच दिसते. वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेले प्रारण, मोजणाऱ्या अनेक दुर्बिणींत अतिवाहक धातूची फिल्म केल्व्हिनच्या दहाव्या भागाच्या आसपासच्या तापमानाला, अतिवाहक अवस्थेच्या अगदी उंबरठ्यावर, राखलेली असते; तिच्यापर्यंत पोहोचलेल्या किंचितशा उष्णतेनेही तिचा रोध ठळकपणे बदलतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या उपकरणाच्या आरशांवर सिलिका आणि टँटालम ऑक्साइडचे थर आलटून पालटून चढवलेले आहेत, आणि त्या थरांतल्या अणूंची औष्णिक थरथर ही उपकरणाच्या संवेदनशीलतेला पडणारी एक मोठी मर्यादा आहे. त्याची भारतीय वेधशाळा लायगो-इंडिया आपल्याच हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार असल्याने हा विषय आता परमुलखाचाही राहिलेला नाही.

दाराचा उरलेला अर्धा भाग मात्र पुस्तकातून उघडत नाही. खरा संकेत कोणता आणि गोंगाट कोणता, हे ओळखण्याची सवय हाताने काम करूनच लागते, आणि त्यासाठी म्यूऑन टेलिस्कोपसारखा दुसरा गुरू नाही. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनाचा जड भाऊबंद; अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की तो तयार होतो. समुद्रसपाटीजवळ प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. तो आपल्या अंगातूनही जातच असतो. दहा सेंटीमीटर बाजूच्या दोन प्लास्टिक सिंटिलेटर (कण आतून गेला की क्षणभर चमकणाऱ्या) पट्ट्या एकावर एक, थोडे अंतर राखून ठेवायच्या, प्रत्येकीला एक सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे ती चमक विद्युत स्पंदात बदलणारी चिप, लावायचा, आणि दोन्हींतून एकाच वेळी आलेले स्पंद तेवढे मोजायचे. जुन्या फोटोमल्टिप्लायर नळीला हजारभर व्होल्ट लागत. या नव्या चिपचे काम तीस-साठ व्होल्टांत भागते, त्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही हा प्रयोग सुरक्षितपणे करता येतो.

आमची ॲल्युमिनियमची पेटी उद्यमनगरातल्या एका कारागिरांनी करून दिली. कोल्हापूरला हा मोठा आधार आहे: रेखाचित्र नीट असेल तर चार दिवसांत वस्तू हातात येते. आमच्या रेखाचित्रात एका स्क्रूचे छिद्र जास्तीचे होते. दुपारनंतर आमची मोजणी वाढू लागली, आणि सूर्याचा काही परिणाम सापडला असे समजून आम्ही दोन दिवस आलेख काढत बसलो. प्रत्यक्षात पश्चिमेच्या खिडकीतले ऊन त्या छिद्रातून आत जात होते. असा प्रकाश प्रत्येक पट्टीत स्वतंत्रपणे स्पंद निर्माण करतो, पण स्पंद फार झाले की दोन्हींकडचे योगायोगानेही एका वेळी पडतात. हा दर दोन्ही पट्ट्यांच्या दरांचा गुणाकार आणि ‘एकाच वेळी’ म्हणून धरायला निवडलेल्या कालखंडाची दुप्पट यांवरून निघतो. प्रत्येक पट्टीत सेकंदाला १००० स्पंद आणि कालखंड १०० नॅनोसेकंद धरला, तर मिनिटाला १२ खोटे म्यूऑन मिळतात. आमचे खरे म्यूऑन मिनिटाला ४० होते. हे गणित मी परीक्षेत सोडवले होते, तरी त्या दोन दिवसांत ते मला एकदाही आठवले नाही. म्हणून पहिल्या दिवशी दोन्ही पट्ट्यांचे वेगवेगळे दर वहीत लिहा, पेटीवर काळे कापड टाकून आणि काढून पाहा, आणि खोलीचे तापमानही नोंदवा, कारण सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा अंधारातला गोंगाट उष्णतेने वाढतो.

पुढच्या वाटेविषयी थोडक्यात सांगतो. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षा आणि टीआयएफआरची (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) स्वतंत्र परीक्षा या ठरलेल्या वाटा आहेत. उन्हाळी प्रकल्पासाठी टीआयएफआर, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि सर्न येथे अर्ज करावेत. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात सुमारे ४०० सिंटिलेटर डिटेक्टर आणि ५६० चौरस मीटरचा म्यूऑन टेलिस्कोप आहे, त्यामुळे छोटा टेलिस्कोप बांधलेल्याला ते ठिकाण परके वाटणार नाही. पायथॉन येत असेल तर मोजणीचे विश्लेषण करणारे रूट जमते, आणि थोडे सी++ शिकले की कणांच्या प्रवासाचे संगणकावर अनुकरण करणारे जिआंट-४ही जमते. सोल्डरिंग आणि ऑसिलोस्कोप मात्र एम.एस्सी. संपण्यापूर्वीच हातात बसलेले असावेत, कारण नंतर ते शिकवायला कोणाजवळ वेळ नसतो.

टेलिस्कोप तयार झाला की तो पन्हाळ्याला न्या. गड शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे, आणि उंचीबरोबर म्यूऑन वाढतात. घाई मात्र करू नका: १०० मोजणींत १० टक्के अनिश्चितता असते, ती एक टक्क्यावर आणायला १०,००० मोजण्या लागतात, म्हणजे आमच्या दराने चार तासांहून थोडे अधिक. तितकाच वेळ आधी शहरात, त्याच पेटीने, त्याच व्होल्टेजवर मोजा आणि मगच दोन्ही आकडे शेजारी ठेवा.