‘पाया कच्चा आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये प्रथम वर्षाला गणित शिकवते. जून-जुलै उजाडला की स्टाफरूममध्ये दरवर्षी तेच ऐकू येतं: "या मुलांचा पायाच कच्चा आहे." पण नेमकं काय कच्चं आहे? अपूर्णांक, ऋण चिन्हं, कंस की टक्केवारी? ते कळेपर्यंत शिकवायला सुरुवात कुठून करणार?

फक्त उत्तर तपासू नका

एका मुलाने −३क्ष = १२ वरून क्ष = १५ काढलं. लाल फुली मारायच्या आधी विचारलं, "कसं केलंस?" तो म्हणाला, "मॅडम, पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं. −३ चे +३ झाले." शाळेत पाठ केलेला नियम तो प्रामाणिकपणे वापरत होता. इथे −३ हा क्षला गुणलेला आहे, बेरजेत नाही, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्या वर्गात ‘पलीकडे नेणं’ बंद आहे. ‘दोन्ही बाजूंना −३ ने भागू’ असं पूर्ण लिहायचं आणि आलेलं −४ मूळ समीकरणात घालून बघायचं. पंधरा दिवस वेळ जास्त लागतो, लागू द्या.

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) या क्रमाच्या सूत्राचंही तसंच. १० − ४ + ३ चं उत्तर कितीतरी मुलं ३ लिहितात, कारण सूत्रात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो. सूत्र बरोबर पाठ आहे. पण बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून येईल तसं सोडवायचं, हे सुटलेलं असतं. म्हणून उत्तर ९.

भाषेची अडचण गणिताच्या खात्यावर टाकू नका

सुरगाण्याकडची एक मुलगी ‘एलसीएम’ म्हटलं की गप्प बसायची. "१२ आणि १८ चा लसावि?" असं विचारल्यावर क्षणात "३६" म्हणाली आणि ५/१२ + ७/१८ = २९/३६ करून दाखवलं. तिला काहीही नव्याने शिकवायचं नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात मराठी-इंग्रजी शब्दांच्या जोड्या लिहिल्या, एवढंच.

चाचणी अवघड काढू नका

बारावीच्या पातळीचा पेपर दिला की सगळेच नापास होतात आणि आपल्याला काहीच कळत नाही. पाच-सहा छोटी उदाहरणं पुरतात, प्रत्येकात एकच गोष्ट तपासायची. १/२ + १/३ ला २/५ लिहिलं, तर विचारा, "२/५ अर्ध्याहून मोठा की लहान?" अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं आलं, इथे मूल स्वतःच थबकतं.

टक्केवारीसाठी मी कांदा घेते. क्विंटलला २००० रुपये भाव २० टक्के पडला, मग २० टक्के चढला. कागदावर बरेच जण परत २००० लिहितात. पण निफाड-चांदवडकडची, कांद्याच्या पट्ट्यातली मुलं तोंडी विचारलं तर म्हणतात, "सोळाशेवर वीस टक्के, म्हणजे एकोणीसशे वीस." त्यांना तेच बोललेलं ओळीत लिहायला लावायचं.

सातवीचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका

अठरा वर्षांच्या मुलांना त्यात अपमान वाटतो, आणि तो रास्त आहे. विकलनाच्या तासाला आधी दहा मिनिटं अपूर्णांकी घातांक, असं लागेल तेवढंच मध्ये पेरा.

हातच्याची वजाबाकी डळमळीत असेल तर एके काळी आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा वापरा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरा (९९९ आलं तर ०९९९). ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ यायलाच हवं. नाही आलं तर कुठेतरी हातचा चुकलाय, आणि तो मूल स्वतःच मागे जाऊन शोधतं. माझ्या वर्गात ६१७४ येईपर्यंत कुणी वही मिटत नाही.