आवाजावर वाजणारी कॉल बेल घरी कशी बसवावी

मानेच्या मणक्याला इजा झालेला किंवा मोटर न्यूरॉनचा आजार असलेला माणूस अनेकदा उशाशी ठेवलेली बेल दाबू शकत नाही. पण जिभेने टाळूवर ‘टक्’ करणे किंवा ‘हं’ म्हणणे बऱ्याच जणांना जमते. तेवढ्यावर शेजारच्या खोलीतली बेल वाजवता येते.

आधी आवाज ठरवा. ट्रॅकिओस्टॉमीमुळे (श्वासासाठी गळ्याला पाडलेले छिद्र) घशातून आवाज निघत नसेल, तर जिभेचा टक् करून पाहा. जो आवाज निवडाल तो रात्री, माणूस दमलेला असताना, दहा वेळा काढून घ्या. दुपारी खणखणीत येणारा ‘हं’ पहाटे निम्मासुद्धा उरत नाही.

सामान

एलएम३९३ चे तीन पिनांचे साउंड सेन्सर मॉड्यूल (मायक्रोफोन यावरच असतो), ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर, ५५५ टायमर आयसी, १०० किलोओहमचा रेझिस्टर, २२ मायक्रोफॅरड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे एकेक कपॅसिटर, ५ व्होल्टचे एका चॅनेलचे रिले मॉड्यूल (रिले म्हणजे सिग्नलवर चालणारा स्विच), दीड मीटर तीन तारांची केबल, मोबाइल धरायचा लवचिक स्टँड आणि एक वायरलेस डोअरबेल. बेल घेताना तिच्या बटणात बॅटरी आहे ना, हे बघून घ्या. बॅटरीशिवाय चालणारे बटण दाबण्याच्या जोरावर स्वतःची वीज तयार करते, ते इथे चालत नाही.

जोडणी

सेन्सर आणि रिलेच्या मध्ये ५५५ टायमर का लागतो? सेन्सरचा सिग्नल काही मिलिसेकंदच टिकतो आणि तेवढ्यात रिले नीट ओढला जात नाही. टायमर तो सिग्नल सुमारे २.४ सेकंद ताणून धरतो.

१. ५५५ ची पिन ४ आणि ८ अधिक ५ व्होल्टला, पिन १ ग्राउंडला (वजा बाजूला). सेन्सर आणि रिले मॉड्यूललाही हेच अधिक आणि ग्राउंड द्या.
२. पिन ६ आणि ७ एकत्र जोडा. तिथून १०० किलोओहम अधिककडे, २२ मायक्रोफॅरड ग्राउंडकडे. या कपॅसिटरचा लांब पाय पिनांच्या बाजूला.
३. पिन ५ वरून ०.०१ मायक्रोफॅरड ग्राउंडला.
४. सेन्सरचा डीओ (सिग्नल बाहेर देणारी पिन) ५५५ च्या पिन २ ला, आणि पिन ३ रिले मॉड्यूलच्या इनपुटला. रिलेचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘एच’ वर ठेवा.
५. बेलचे बटण उघडा. कळ दाबल्यावर जे दोन पाय जोडले जातात त्यांना दोन तारा सोल्डर करा आणि त्या रिलेच्या कॉमन व एनओ (एरवी उघडे राहणारे) टर्मिनलमध्ये कसा.

डीओ ५५५ ला जोडण्यापूर्वी सेन्सरचा स्क्रू फिरवून सिग्नलचा दिवा सतत लागलेला ठेवा आणि डीओवर व्होल्टेज मोजा. ० च्या आसपास यायला हवे. ५ च्या आसपास आले, तर मॉड्यूल उलट्या जातीचे आहे, ते बदलून आणा.

चार्जरनंतरचे सगळे काम ५ व्होल्टवरच ठेवा. या रिलेतून २३० व्होल्टची बेल थेट चालवू नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शॉक बसला तर हातही मागे घेता येत नाही.

मायक्रोफोनची जागा

यंत्र बिनभरवशाचे ठरते ते बहुतेक वेळा इथेच. लांबून ऐकू यावे म्हणून सेन्सिटिव्हिटी वाढवली की टीव्ही, खोकला, कुकरची शिट्टी, सगळ्यांनीच बेल वाजू लागते. आठवड्याभरात घरातली माणसे ती बंद करून टाकतात. उपाय उलटा आहे: मायक्रोफोन जवळ आणा, सेन्सिटिव्हिटी उतरवा. अंतर निम्मे केले की तोंडातला आवाज मायक्रोफोनपाशी साधारण ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटरवरून १५ वर आणले, तर १२ डेसिबलचा फायदा. तीन मीटरवरचा टीव्ही मात्र होता तसाच राहतो.

स्टँड पलंगाच्या कठड्याला घट्ट लावा. मायक्रोफोन ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, १० ते १५ सेंटिमीटरवर असावा. अगदी तोंडासमोर ठेवला तर श्वासानेच बेल वाजेल. वर पंखा असेल तर मायक्रोफोनवर पातळ स्पंजचा तुकडा बसवा.

५५५ आणि रिले ठेवलेला डबा मायक्रोफोनपासून किमान एक मीटर दूर हवा. जवळ असेल तर रिले सुटतानाचा ‘टक्’ सेन्सर ऐकतो आणि बेल थांबतच नाही. बेलचा वाजणारा भागही याच कारणाने दुसऱ्या खोलीत ठेवा. डबा मात्र माणसाला दिसेल असा असावा, कारण रिलेचा दिवा लागला की आपली हाक गेली हे त्याला कळते. अंधारात वाट पाहणाऱ्याला त्या दिव्याचा मोठा आधार असतो.

जुळवणी

पंखा, टीव्ही, कूलर, रोज चालते ते सगळे चालू करा. सेन्सरचा दिवा नुकताच विझेल इथपर्यंत स्क्रू फिरवा. मग ठरलेला आवाज दहा वेळा काढायला सांगा. दहापैकी दहा वेळा वाजली पाहिजे, नऊ चालणार नाही. क्वचित उगाच वाजलेली बेल परवडते, न वाजलेली परवडत नाही. डाव्या आणि उजव्या, दोन्ही कुशींवर ही चाचणी घ्या.

नंतर काय बिघडते

दर दोन तासांनी कूस बदलली जाते आणि मायक्रोफोन जुन्याच बाजूला राहतो. सांभाळणाऱ्या मावशींना सवय लावा: कूस बदलली, मायक्रोफोन फिरवला, एक टक् ऐकला, मगच खोलीबाहेर.

वीज जाते म्हणून पॉवर बँक लावाल, तर एक अडचण आहे. हे सर्किट फार थोडा करंट घेते, त्यामुळे बऱ्याच पॉवर बँका काही वेळात आपोआप बंद होतात. वायफाय राउटरसाठी मिळणारा ५ व्होल्टचा मिनी यूपीएस वापरा.

व्हेंटिलेटरचा अलार्म ही वेगळी गोष्ट आहे. ही बेल त्याची जागा घेऊ शकत नाही.

रुग्णालयात

घरी बनवलेले यंत्र तिथल्या नर्स कॉलला परस्पर जोडू नका, बायोमेडिकल विभागाला विचारा. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळायला हव्यात: भिंतीवरच्या सॉकेटला कोणती पिन बसते, आणि कॉल सर्किट जोडल्यावर जातो की तोडल्यावर. त्यानुसार तयार साउंड स्विच मागवता येतो. तो बसला की पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरांत कागद लावा: ‘यांची बेल आवाजावर चालते. मायक्रोफोन हलवू नये.’ पाळी बदलताना नव्या सिस्टरांना तो दाखवा.