सरकारी संकेतस्थळ तपासायचं कसं? एका भरतीच्या जाहिरातीवरून

सोलापूरच्या अशोक चौकात राहणारा माझा एक मित्र जन्मापासून अंध आहे. मोबाइल मात्र माझ्यापेक्षा झपाझप चालवतो. मागे एका कार्यालयाची भरती निघाली, तेव्हा त्यानं त्यांच्या संकेतस्थळावरची जाहिरात उघडली आणि फोन गप्प झाला. एरवी पडद्यावरचं सगळं वाचून दाखवत अखंड बडबडणारा फोन एक शब्द बोलेना. कारण ती जाहिरात म्हणजे सतरा कागदांचे स्कॅन केलेले फोटो होते. शेवटी सात रस्त्याजवळच्या टपरीवर चहा घेत मीच ती त्याला वाचून दाखवली. अंध उमेदवारांसाठी राखीव जागेचा तक्ता नवव्या पानावर होता.

घरी येऊन तीच जाहिरात मी गूगलवर शोधली, तर कार्यालयाचं पान कुठेच नाही. वर सगळी 'फॉर्म भरून देतो'वाल्यांची दुकानं. महिन्याभरानं निवड यादी लागली, तर त्यात उमेदवारांचे मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक जसेच्या तसे. म्हणजे एकाच भरतीत अंधाला वाचता येईना, डोळसाला सापडेना आणि चोराला मात्र सगळं आयतं मिळालं. तेव्हापासून मी सुगम्यता (म्हणजे अपंगांनाही वापरता येणं), शोध आणि सुरक्षा या तिन्ही गोष्टी एका बैठकीत तपासतो. एक लॅपटॉप, एक मोबाइल आणि मोकळी दुपार एवढं पुरतं.

आधी काम ठरवा, मग संकेतस्थळ

मुखपृष्ठ बघून 'छान आहे' म्हणू नका. मुखपृष्ठाला सगळेच रंगरंगोटी करतात. एखाद्या नागरिकाचं खरं काम घ्या आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून बघा. आषाढीत पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचे वाहतुकीतले बदल शोधणं, उजनीतून सोडलेल्या पाण्याचा आजचा आकडा, सांगोल्याच्या शेतकऱ्यासाठी डाळिंबाच्या विम्याची शेवटची तारीख, घरपट्टीची पावती, असं काहीही चालेल. तीन कामं निवडा. प्रत्येक कामात किती वेळा अडलात, कुठे अडलात, हे वहीत लिहा. साधनं चालवायच्या आधीच निम्मा अहवाल तिथे तयार होतो.

मोजपट्टी आपण शोधायची गरज नाही, ती सरकारनंच करून ठेवली आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे जीआयजीडब्ल्यू, पहिल्यांदा २००९ मध्ये आली. २०२३ ची तिसरी आवृत्ती ॲप्सनाही लागू आहे. ती एनआयसी (सरकारी संगणकसेवा सांभाळणारी), एसटीक्यूसी (दर्जा तपासणारी) आणि सर्ट-इन (सायबर सुरक्षा बघणारी) या तीन सरकारी संस्थांनी मिळून केली. सुगम्यतेसाठी तिनं डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक मानकाची 'डबल ए' पातळी धरली आहे. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. त्यामुळे कार्यालयात कोणी 'हे काय नवीन खूळ?' म्हणालं तर गडबडून जाऊ नका.

माऊस बाजूला ठेवा

सुगम्यतेची पहिली चाचणी फुकट आहे. माऊस बाजूला सरकवा आणि फक्त टॅब कळ दाबत पानावरून पुढे जा. प्रत्येक वेळी आपण कुठे आहोत हे चौकटीनं किंवा रंगानं दिसलं पाहिजे. पहिल्या दोन-तीन टॅबमध्ये 'मुख्य मजकुराकडे जा' असा दुवा यायला हवा. तो नसेल तर अंध माणसाला प्रत्येक पानावर तीस-चाळीस मेन्यू ऐकत बसावं लागतं. मेन्यू कळफलकानं उघडत नसेल, किंवा एखाद्या खिडकीत शिरल्यावर बाहेर पडता येत नसेल, तर ती मोठी चूक म्हणून वेगळी नोंदवा.

आता कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत पान ४०० टक्क्यांपर्यंत मोठं करा. मजकूर आडवा सरकवत वाचावा लागतोय का? वर सरकणारी बातम्यांची पट्टी आहे का? ती तर सरकारी संकेतस्थळांची आवडती. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ काही आपोआप हलत असेल तर ते थांबवायची सोय हवी, असा नियम आहे. फिकट राखाडी अक्षरं दिसली तर वेबएम (WebAIM) या संकेतस्थळावरच्या रंग-तफावत तपासणीत अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा असे दोन्ही रंग घालून बघा. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ एवढी तफावत लागते.

मग खरी परीक्षा, कानाची. विंडोजसाठी एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोफत मिळतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं ते सुरू केलं, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्रही सोबत आला. ते चालू करून पडदा बंद ठेवा. 'एच' दाबलं की एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी पडते. शीर्षकंच नसतील तर पान म्हणजे फाटे नसलेला रस्ता. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधून टॉकबॅक चालू करा. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. पण बंद करायची रीत आधी शिका. आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद दाबून धरायच्या. मी न शिकता चालू केलं आणि अर्धा तास स्वतःच्याच फोनशी झुंजत बसलो होतो.

ऐकताना कान कुठे द्यायचा? 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' असं पंधरा वेळा ऐकू आलं तर कुठला दुवा कशाचा, कळायला मार्ग नाही. नुसतं 'चित्र' ऐकू आलं तर त्या चित्राला पर्यायी मजकूर नाही. अर्जाच्या रकान्यात गेल्यावर 'नाव' किंवा 'जन्मतारीख' न म्हणता नुसतं 'रिकामा रकाना' म्हटलं तर लेबल जोडलेलं नाही. आणि कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची, ऐकायचा पर्याय नाही, म्हणजे अंध माणसाला दारातूनच परत पाठवणं.

मराठी पानांचा खास रोग

इथे जरा थांबू, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत हे असं सहसा सापडत नाही. मराठी पान असूनही आत भाषा इंग्रजी लिहिलेली असते. पानावर उजवी कळ दाबून पानाचा स्रोत उघडा. अगदी वरच्या ओळीत भाषेसाठी एम आणि आर ही दोन अक्षरं हवीत. तिथे ई आणि एन असेल तर वाचक यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातं. मग 'जिल्हाधिकारी'चं जे होतं ते ऐकण्यासारखं असतं, समजण्यासारखं नाही.

दुसरा रोग जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमचे डीव्हीबी फॉन्ट वापरून केलेल्या पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसतात. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. मराठी आलं तर युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरपद्धत आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ आली तर ती फाइल यंत्रासाठी मराठी नाहीच. तिसरी गोष्ट म्हणजे ओळ निवडताच येत नसेल तर तो स्कॅन, म्हणजे फोटो. ही दहा सेकंदांची कॉपी-चिकटव चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते. जी फाइल स्क्रीन रीडरला कळत नाही, तिच्यातला मजकूर गूगललाही धड हाती लागत नाही, आणि कंट्रोल-एफनं तुम्हालाही आपल्या गावाचं नाव सापडत नाही.

गंमत म्हणजे संकेतस्थळाचा सांगाडा अनेकदा चांगला असतो. जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळं एनआयसीच्या एसथ्रीवास या सामाईक चौकटीवर उभी आहेत आणि तिच्या नावातला एक 'एस' सुगम्यचाच आहे. पण चौकट कितीही सुगम्य असली तरी आत कोणी टेबलावरच्या कागदाचा फोटो चढवला तर चौकट काय करणार? दस्तऐवज मुळात संगणकावरच टाइप झालेला असतो. तो छापायचा, सही-शिक्का करायचा आणि पुन्हा स्कॅन करायचा, ही सवय रोगाचं मूळ आहे. सहीची प्रत ठेवा की, पण शेजारी टाइप केलेली प्रतही द्या, एवढंच मागायचं.

पानावर अक्षर लहान-मोठं करायची बटणं आणि चाकाच्या खुर्चीचं चिन्ह दिसलं म्हणून गुण देऊ नका. ती बटणं वरचा मुलामा आहेत. आतलं लेबल नसेल तर ती ते घालत नाहीत.

गूगलला दिसतंय का?

शोधपेटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहा, त्याला लागून कोलन आणि त्याला लागून संकेतस्थळाचा पत्ता. मध्ये मोकळी जागा नको. त्या संकेतस्थळाची गूगलला ठाऊक असलेली पानं समोर येतात. सगळ्या निकालांना 'मुखपृष्ठ' किंवा एकच नाव असेल तर पानांना वेगवेगळी शीर्षकं दिलेली नाहीत. फाइलचं नाव 'स्कॅन शून्य शून्य बारा' असेल तर ती कशाची हे गूगललाही कळायला कठीण.

मग पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' इंग्रजीत टाका. त्यात सगळ्या यंत्रांसाठी 'डिसअलाउ' आणि पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर शोधयंत्रांना दारच बंद केलंय. चाचणीच्या काळात लावलेलं हे कुलूप काढायला ठेकेदार विसरतात.

त्यानंतर लोक जसं शोधतात तसं शोधा. 'सोलापूर' लिहा, रोमन लिपीत लिहा, जुन्या वळणानं 'शोलापूर'ही लिहा. पहिल्या पडद्यावर सरकारी पान येतं की एजंटाचं, हे लिहून ठेवा. पत्ता नीट वाचा. सरकारी संकेतस्थळाचं नाव सहसा 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'नं संपतं. ही अक्षरं मध्येच कुठे असतील आणि शेवट वेगळाच असेल तर दूर राहा.

वेगासाठी गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, ही अपेक्षा. तिथेच सुगम्यता आणि शोधाचेही गुण मिळतात. शंभरपैकी शंभर पडले तरी हुरळू नका. चित्राला पर्यायी मजकूर आहे का हे यंत्राला कळतं, पण त्यात 'चित्र १' एवढंच लिहिलंय, याचं त्याला काही वाटत नाही.

सुरक्षा: बघायचं, हात लावायचा नाही

इथे लक्ष्मणरेषा आधी आखून घेऊ. लॉगिनच्या रकान्यात चित्रविचित्र चिन्हं टाकणं, पत्त्यातला क्रमांक बदलून दुसऱ्याची पावती उघडणं, त्रुटी हुडकणारं स्कॅनर सॉफ्टवेअर सोडणं, यातलं काहीही करायचं नाही. परवानगीशिवाय असं करणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसतं, आणि ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी मदतच करत होतो' हे सांगत बसायची वेळ आणू नका.

हात न लावताही पुष्कळ दिसतं. पत्त्याआधी एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी लिहून बघा. संकेतस्थळानं स्वतःहून सुरक्षित पत्त्यावर न्यायला हवं. क्रोममध्ये २०२३ पासून पत्त्याशेजारी कुलूप दिसत नाही, छोट्या दोन कळांचं चिन्ह दिसतं. तिथे टिचकी मारून प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे आणि कधी संपतं ते बघा. एसएसएल लॅब्ज या संकेतस्थळावर पत्ता टाकला तर सांकेतिकीकरणाला श्रेणी मिळते. तिथे निकाल जाहीर यादीत न दाखवण्याची चौकट असते, तिच्यावर बरोबरची खूण करा. सिक्युरिटी हेडर्सची, म्हणजे संकेतस्थळ ब्राउझरला देतं त्या सुरक्षेच्या सूचनांची, तपासणीही तशीच मिनिटभराची.

आता शोध आणि सुरक्षा एकत्र येतात ती चाचणी. मघाच्या 'साइट' शोधापुढे कसिनो, बेटिंग असे शब्द इंग्रजीत जोडा. सरकारी पत्त्याखाली जुगाराची पानं दिसली तर कोणीतरी आत शिरून ती लपवली आहेत. पत्ता टाकून आलेल्या माणसाला ती दिसतातच असं नाही, फक्त गूगलला दाखवली जातात. त्यावर टिचकी मारू नका, निकालाचा फोटो घ्या.

शेवटी लाभार्थी आणि निवड याद्या चाळा. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीर करता येत नाही. पहिले आठ अंक झाकलेले हवेत. उघडे दिसले तर ती फाइल उतरवून ठेवू नका, पुढे तर मुळीच पाठवू नका. पत्ता आणि तारीख टिपा.

कळवायचं कुणाला

प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर 'वेब माहिती व्यवस्थापक' कोण, हे दिलेलं असावं लागतं. त्यांना लिहा. एका पत्रात पाचापेक्षा जास्त मुद्दे नकोत. पानाचा पत्ता, तारीख, कुठला फोन किंवा ब्राउझर, काय करायला गेलो, काय झालं, एवढं पुरे. मी सोबत एनव्हीडीएच्या आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण जोडतो. दहा ओळींनी जे होत नाही ते त्यानं होतं. उत्तर आलं नाही तर 'आपले सरकार' या राज्याच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. सुगम्यतेची तक्रार केंद्राच्या सुगम्य भारत ॲपवरही घालता येते.

सुरक्षेची बाब मात्र फेसबुकवर नाही आणि गल्लीच्या ग्रुपवरही नाही. ती सर्ट-इनला कळवायची, १८००-११-४९४९ हा त्यांचा मोफत क्रमांक. माहिती अधिकारात विचारायचंच असेल तर सुरक्षा लेखापरीक्षण शेवटचं कधी झालं आणि ते सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेनं केलं का, एवढंच विचारा. अहवालाची प्रत मागू नका. ती देणार नाहीत, आणि देऊही नये.

पंधरा दिवसांनी तीच तीन कामं पुन्हा करून बघा. मित्राच्या त्या जाहिरातीबद्दल आम्ही दोनदा लिहिलं. आधार क्रमांकांची यादी तिसऱ्याच दिवशी उतरवली गेली. पुढच्या भरतीला जाहिरात टाइप केलेली आली आणि त्यानं ती नवव्या पानासकट स्वतः ऐकली. फाइलचं नाव अजून 'स्कॅन'च आहे. तिसरं पत्र लिहायला घेतलंय.