लॅपटॉप अडकतोय? आधी डेटा वाचवा, मग दुरुस्तीला हात घाला

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत आहे. ऐन सौद्यांच्या दिवसांत त्यांचा जुना लॅपटॉप अडकायला लागला. शेतकऱ्याची पट्टी काढायला घेतली की माऊस फिरायचा, पण क्लिक घ्यायचा नाही. दोन मिनिटांनी सगळं आपोआप चालू. "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल," असं एकाने सांगितलं आणि मामा तयारही झाले होते. सगळा हिशेब त्याच डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून हा लेख लिहिताना क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे.

आधी कान द्या. लॅपटॉपमधून ठराविक लयीत टक-टक किंवा खरखर येत असेल, तर तो लगेच बंद करा. पुन्हा चालू करून बघू नका. आत फिरणाऱ्या तबकडीला हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, घासत असेल, तर प्रत्येक वेळी चालू करताना थोडा थोडा डेटा कायमचा जातो. अशा डिस्कचं काम धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच होतं. टेबलावर झाकण उघडणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या हातात ती देऊ नका.

आवाज नसेल तर लगेच कॉपी. दोष शोधण्याच्या आधी, आजच, हे करा. एक्स्टर्नल डिस्क लावा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, फोटो, सातबारा-खरेदीखतांचे स्कॅन. टॅली बंद करून मगच फोल्डर कॉपी करा. सिनेमे, सॉफ्टवेअर राहू द्या. अख्खी ड्राइव्ह एकदम ओढू नका. एकेक फोल्डर घ्या, म्हणजे एखादी फाइल अडली तर बाकीचं हाती लागलेलं असतं. विंडोज सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, चालवून फाइली काढता येतात. मात्र डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, असेल तर रिकव्हरी की लागते. ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

आता दोष शोधू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. 'डिस्क १०० टक्के' दिसलं की लोक घाबरतात, पण तेवढ्यावरून काही ठरत नाही. खाली वाचण्याचा-लिहिण्याचा वेग बघा. तो सेकंदाला दहा-वीस एमबीच्या वर असेल, तर एखादा प्रोग्रॅम किंवा विंडोज अपडेट काम करत आहे. तासभर थांबून पुन्हा बघा. १०० टक्के दाखवूनही वेग काही केबींवरच रेंगाळतोय आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ शेकडो-हजारो मिलिसेकंद आहे, तर संशय डिस्कवरच घ्यावा. मामांच्या लॅपटॉपवर अगदी हेच दिसत होतं.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम वापरा. फिरत्या हार्ड डिस्कसाठी त्यात तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. शेवटच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्य असेल तर ठीक. सी५ शून्याच्या वर गेला आणि दिवसागणिक वाढतोय, तर त्या डिस्कवर विसंबू नका. वर 'गुड' लिहिलेलं असलं तरीही. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टर तपासा. एसएसडीत, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कमध्ये, या ओळी वेगळ्या असतात. तिथे उरलेल्या आयुष्याची टक्केवारी बघावी. पण एसएसडी पूर्वसूचना न देताही बंद पडते.

विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा चेकडिस्क, म्हणजे 'सीएचकेडीएसके /आर', बरेच जण आधी चालवतात. मला ते पटत नाही. ही आज्ञा डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते आणि फाइलींच्या नोंदी बदलते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला रात्रभर राबवल्यासारखं ते होतं. कॉपी हातात आल्यावर खुशाल चालवा.

डिस्क चांगली निघाली तर बाकीची कारणं साधी असतात. सी ड्राइव्ह गच्च भरलेली, रॅम चारच जीबी, किंवा दोन अँटिव्हायरस एकमेकांशी झगडतायत. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापून स्वतःहून मंद होतो. यार्डात तर हळदीची भुकटी असते. पंखा साफ करून घ्या.

डिस्क गेली असेल तर नवी एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा प्रकारची चालते, नव्यात बहुतेक एम.२ प्रकारची, विकत घेण्याआधी मॉडेल बघा. खराब डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करण्यापेक्षा विंडोज कोरं टाकलेलं बरं, नाहीतर बिघडलेल्या फाइलीही सोबत येतात. मूळ विंडोज अस्सल असेल तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि इंटरनेट लावल्यावर बहुधा आपोआप सक्रिय होतो.

मामांच्या डिस्कवर सी५ चा आकडा तीन दिवसांत वाढत गेला. हिशेबाचं फोल्डर पहिल्याच दिवशी निघालं होतं, फक्त जुन्या लग्नाचे काही फोटो उघडले नाहीत. आता दर शनिवारी यार्ड सुटल्यावर मामा बॅकअप घेतात आणि ती डिस्क घरी नेऊन माळ्यावर ठेवतात. २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे.