स्प्लिट ते दुब्रोव्निक : छोट्या जहाजातून आठवडाभराची बेटसफर

क्रोएशियात स्प्लिट आणि दुब्रोव्निकच्या दरम्यान बेटाबेटांवरून जाणारी जहाजं लहान असतात. साधारण १५ ते २० केबिन, तीस-चाळीस प्रवासी. बहुतेक सफरी शनिवार ते शनिवार. सकाळी निघायचं, दुपारच्या जेवणाआधी एखाद्या खाडीत नांगर टाकून पोहायचं, दुपारी पुढचं बंदर गाठायचं. रात्री जहाज धक्क्यालाच असतं.

म्हणून सहल कंपनीच्या पत्रकात बेटं किती आहेत ते मोजत बसू नका. रोजचा मुक्काम नेमका कुठल्या बंदरात आणि तिथे किती वाजता पोचणार, हे आधी लेखी मागवा. पत्रकात ‘ह्वार’ असतं, पण जहाज ह्वार गावाऐवजी त्याच बेटावरच्या स्तारी ग्रादला लागतं. तिथून ह्वार गाव सुमारे २० किलोमीटर. बस किंवा टॅक्सी शोधण्यात संध्याकाळ जाते. (स्तारी ग्रादही सुरेख आहे. ग्रीकांनी आखलेली तिथली द्राक्ष-ऑलिव्हची शेतं २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पण काय बघायला मिळणार हे निघण्याआधी माहीत हवं.) म्ल्येत बेटाचंही तसंच. जहाज पोमेनाला थांबलं तर राष्ट्रीय उद्यानातली खाऱ्या पाण्याची तळी चालत गाठता येतात, सोब्राला थांबलं तर ती लांब, बेटाच्या पश्चिम टोकाला राहतात. उद्यानाचं तिकीट सहसा वेगळं पडतं. दुब्रोव्निकला जहाजं ग्रुझ बंदरात लागतात. जुनं शहर तिथून साधारण तीन किलोमीटर, बसची सोय चांगली.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून एकच. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो झालं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी तो द्यावा असा नियम असला तरी उन्हाळ्यासाठी तीन महिने हाताशी ठेवा. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. सफरीला जोडून बोस्नियातलं मोस्तार किंवा माँटेनेग्रोतलं कोतोर पाहायचं असेल तर एकाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. हे दोन्ही देश शेंगेनबाहेर आहेत, तिकडे गेलात की परतीचं दार बंद. दुब्रोव्निकहून स्प्लिटला बसने परतणार असाल तरी मार्ग विचारा. जुना रस्ता न्यूम गावाजवळ बोस्नियातून जातो. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या पेल्येशात्स पुलावरून जाणारी बस क्रोएशियातच राहते.

केबिन निवडताना खालच्या डेकच्या स्वस्त दराला भुलू नका, पण घाबरूही नका. तिथे गोल खिडकी न उघडणारी असते आणि इंजिनाचा आवाज येतो. मात्र जहाज हलतं तेव्हा तळाशी, मध्यावर सगळ्यात कमी जाणवतं. बोट लागत असेल तर तीच जागा घ्या. नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची केबिन मात्र टाळा, नांगराची साखळी सुटते तेव्हा झोप उडते.

आई-वडिलांना नेणार असाल तर एक गोष्ट नक्की विचारात घ्या. गर्दीच्या बंदरांत जहाजं एकमेकांना खेटून, शेजारी-शेजारी बांधतात. तुमचं जहाज चौथं असेल तर उतरताना आधीच्या तिन्ही डेकवरून, कठडे ओलांडत जावं लागतं. जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट नसते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे रोज दोन-चार वेळा करणं जड जातं. जुलै-ऑगस्टमध्ये ही गर्दी कळसाला असते. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर घ्या. सप्टेंबरात पाणीही उबदार असतं.

दोन वारे ओळखून ठेवा. ‘बुरा’ ईशान्येकडून झपाट्याने येतो. ‘युगो’ आग्नेयेचा, दमट. तो दिवसेंदिवस टिकतो आणि मोठ्या लाटा उठवतो. युगो असला की बिशेवो बेटावरची निळी गुहा बंद होते, कारण तिचं तोंड इतकं बुटकं आहे की लाटेत होडी आत शिरूच शकत नाही. अशा वेळी कप्तान मार्ग बदलतो, आणि करारात तसा अधिकार त्याला दिलेला असतो. एकाच जागेसाठी सफर घेत असाल तर ती जागा पहिल्या दोन दिवसांत येते का ते पाहा, म्हणजे नंतर पुन्हा संधी मिळू शकते. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

दरात बहुधा नाश्ता आणि दुपारचं जेवण असतं, रात्रीचं गावात. शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून भागत नाही, ताटात मासा येऊ शकतो. मांस नको, मासा नको, अंडं चालतं की नाही, हे तिन्ही बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. गावात सांगायचे क्रोएशियन शब्द : ‘बेझ मेसा ई रिबे’, म्हणजे मांस-माशाशिवाय. बटाटा आणि पालेभाजीची ‘ब्लित्वा’ सगळीकडे मिळते. बंदर-कर आणि बारचं बिल अनेक जहाजांवर शेवटी रोख युरोंत द्यावं लागतं.

बॅग मऊ, घडी होणारी न्या. टणक मोठी सुटकेस पलंगाखाली जात नाही. किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांना काळे काटेरी सी-अर्चिन चिकटलेले असतात, म्हणून पाण्यात घालायचे बूट हवेतच. पोहणं जहाजाच्या शिडीवरून थेट खोल पाण्यात, जीवरक्षक नसतो; पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या. आपली दोन बारीक पिनांची चार्जर तिथे बसतात, तीन पिनांची नाही.

स्प्लिटला आदल्या दिवशी पोचा. मुंबईहून विमान बदलावंच लागतं, आणि मागे राहिलेली बॅग जहाजाचा पाठलाग करत बेटांवर येत नाही. शेवटच्या शनिवारी नाश्ता झाला की केबिन रिकामी करावी लागते. विमान संध्याकाळचं असेल तर सामान ग्रुझच्या बसस्थानकावर ठेवा आणि जुन्या शहराच्या तटबंदीवर ऊन चढण्याआधी चढा.